अर्धी मोचा

कुत्रीचे केस कापावेत हा विचार लीलाधर टेंभरे यांच्या डोक्यात आला, तेव्हा त्यामागे निव्वळ भूतदया होती, हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातले लोक त्यांच्याविषयी काय काय बोलले ते सोडून द्या. पण भर वैशाखात, गोंदियाच्या उन्हात, अंगावर गादी गुंडाळल्यासारखी धापा टाकत बसलेली कुत्री ज्याला बघवते तो माणूस काळजाचा फार घट्ट म्हणायचा. लीलाधरांना बघवेना.

खरं तर मोचा त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या मुलीची, गुंजनची. गुंजन हैदराबादला नोकरी करायची. तिथल्या नव्या घरमालकाला कुत्री चालत नव्हती म्हणून होळीला आली तेव्हा ‘थोडेच दिवस, पप्पा’ म्हणून ती मोचाला ठेवून गेली. मोचा जातीची स्पिट्झ. कोल्ह्यासारखं निमुळतं तोंड, उभे कान, पाठीवर वळवून ठेवलेली झुपकेदार शेपटी, आणि सगळ्या अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे इतके केस की आत कुत्री नेमकी केवढी आहे याचा अंदाज पाहणाऱ्याला यायचा नाही. शेजारचे कापड-दुकानदार चंद्रकुमार तिला ‘पामेलियन’ म्हणायचे. लीलाधरांचे वडील उदारामजी ऐंशी ओलांडलेले. त्यांना ‘मोचा’ हे नाव काही पटेना, म्हणून ते तिला ‘मोजा’ म्हणायचे.

“घरात कुत्रं घेतेत का गा?” त्यांनी पहिल्याच दिवशी लेकाला विचारलं. “कुत्र्याची जागा आंगणात.”

लीलाधर एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून. हद्दी ठरवून देणं हे त्यांचं आवडीचं काम. त्यांनी लगेच जाहीर केलं की कुत्रीनं व्हरांड्याच्या पुढं यायचं नाही. मोचानं हे सगळं मान तिरकी करून ऐकलं आणि संध्याकाळी ती बैठकीत, लीलाधरांच्या डाव्या पायाच्या पंजावर हनुवटी टेकवून झोपलेली होती.

या जातीचा स्वभावच तसा असतो म्हणतात. घरातल्या चार माणसांतून एक माणूस ती निवडतात, आणि त्या माणसाचं मत विचारण्याची पद्धत त्यांच्यात नाही. मोचाला जेवायला लीलाधरांच्या पत्नी मंजूबाई घालायच्या, तिचं पाणी बदलायच्या, ती ओकली तर पुसायच्या. आणि मोचा मात्र लीलाधर न्हाणीत गेले की दाराबाहेर बसून ते आत बुडालेबिडाले असतील या काळजीनं कुंईकुंई करायची. मंजूबाईंनी हे मनाला लावून घेतलं. लीलाधरांनी वरकरणी कपाळाला आठ्या घातल्या. पण न्हाणीत त्यांना हल्ली वेळ जास्त लागू लागला होता, हेही खरं.

दुसरा स्वभाव भुंकण्याचा. कुकरची शिट्टी, दूधवाला, पतंग, पलीकडच्या रस्त्यावरून गेलेला ट्रॅक्टर आणि चंद्रकुमारांची शिंक या सगळ्यांची नोंद ती मोठ्यानं घ्यायची. चंद्रकुमारांना धुळीची ॲलर्जी आणि धंदा कापडाचा, त्यामुळं दोन्ही घरांमध्ये दिवसभर बोलणं चालूच असायचं.

मग ऊन तापलं. मोचानं कूलरच्या पुढ्यात अशी बैठक मारली की हवा फक्त तिला लागावी आणि कुटुंबाला तिच्या केसांचा वास. तरी तिची जीभ आत जाईना. कॉलनीत सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणालं ताक पाजा, कुणी म्हणालं कांदा बांधा. चंद्रकुमार कुंपणावर कोपर टेकवून म्हणाले, “टेंभरेजी, मेरी मानो, इसका मुंडन करवाओ. आप स्वेटर पहन के बैठोगे क्या मई महीने में?”

“मेंढराची लोकर काढतेतच ना उन्हाळ्यात,” उदारामजींनी खाटेवरून दुजोरा दिला. “मोजाले कायले कोंडून ठेवता एवढ्या केसाईत?”

विरोधी मत फक्त मंजूबाईंचं. “आधी गुंजनला विचारा.”

“यात विचारायचं काय आहे?” लीलाधर म्हणाले. बावन्न वर्षांच्या माणसानं केस कापण्यासाठी मुलीची परवानगी घ्यायची, ही कल्पनाच त्यांना कमीपणाची वाटली. शिवाय वाढदिवसाला गुंजननंच दिलेला दाढीचा ट्रिमर कपाटात कोरा पडून होता.

रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर व्हरांड्यात सतरंजी अंथरली गेली. चंद्रकुमार बिस्किटांचा पुडा घेऊन मोचाच्या तोंडाशी बसले. लीलाधरांनी मागून सुरुवात केली, कारण पुढं दात होते. आणि काम अगदी झकास झालं. शेपटी झाली, मोचा आनंदानं ती हलवत होती म्हणून टोकाचा एक गोंडा तेवढा राहिला. मागच्या मांड्या झाल्या, कंबर झाली. सतरंजीवर केसांचा ढीग असा वाढला की दुसरी मोचा तयार होते आहे असं वाटावं. लीलाधरांना आपल्या हातात ही कला इतकी वर्षं दडून होती याचं नवल वाटू लागलं, आणि बरोबर पाठीच्या मध्यावर ट्रिमरनं एक घुसमटल्यासारखा आवाज काढून प्राण सोडला.

त्यांनी तो झटकला, फुंकला, टेबलावर आपटला. काही नाही. दाढीसाठी जन्मलेल्या यंत्रानं आपल्या औकातीबाहेरचं काम केलं होतं.

“कैंची लाता हूँ,” चंद्रकुमार म्हणाले आणि नको त्या क्षणी शिंकले.

मोचानं शिंकेला उत्तर दिलं, सतरंजीवरून उडी मारली आणि उघड्या फाटकातून बाहेर पडली. लीलाधर बनियनवर, अंगभर केस चिकटलेल्या अवस्थेत तिच्यामागं धावले. सबंध कुडवा पालथा घातला. “मोचा, मोचा” अशा हाका ऐकून एका बाईंनी आपुलकीनं सांगितलं, “भाऊ, मोची तिकडं चौकात बसते.” अंधार पडता पडता ते घामानं निथळत घरी आले, तर मोचा त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांच्यावर भुंकली. इतका उशीर कुठं होतात, असा एकूण सूर होता.

प्रकरण इथं मिटलं असतं. पण मधल्या वेळात तिला गल्लीतल्या तीन-चार जणांनी पाहिलं होतं, आणि संध्याकाळच्या उजेडात ती कशी दिसत असेल याची जरा कल्पना करा. पुढून छाती-मानेवर भरदार आयाळ, मागं एकदम उतरता, उघडा भाग, आणि शेवटाला गोंडा. नागझिऱ्याचं जंगल जवळ. इकडच्या माणसाला जनावरं ओळखता येतात आणि आपल्याला ती येतात याचा अभिमानही असतो. सकाळपर्यंत कॉलनीच्या मोबाईल ग्रुपवर बातमी पक्की झाली, की कुडव्यात तडस शिरलाय. तडस, म्हणजे पुस्तकातलं तरस. दुपारपर्यंत बातमीत सुधारणा झाली की तो मोठा तडस नसून पिल्लू आहे, आणि टेंभरे साहेबांनी ते घरात पाळलंय.

कार्यालयात लोक लीलाधरांकडं आदरानं पाहू लागले. एकानं चहा पिताना हळूच विचारलं, “साहेब, हाडं कच्ची देता का उकडून?”

दुसऱ्या दिवशी फाटकासमोर वनविभागाची जीप उभी राहिली. जीपच्या मागं लोखंडी पिंजरा. त्यातून वनरक्षक केशोराव उतरले आणि त्यांच्या पाठोपाठ, ते उतरण्याचीच वाट पाहत असल्यासारखी, अर्धी कॉलनी जमा झाली. मोचानं व्हरांड्यात येऊन प्रत्येकाची हजेरी घेतली.

केशोरावांनी तिला पुढून पाहिलं. मग वळसा घालून मागून पाहिलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

“भुंकून तर राहिली,” ते म्हणाले.

“अरे भाई, लकडबग्घा हँसता है, भौंकता थोड़ी है,” चंद्रकुमार तडसाचं हिंदी नाव घेऊन कुंपणावरून म्हणाले. ही साक्ष आपल्या बाजूची आहे की विरुद्ध, ते लीलाधरांना कळेना.

“कुत्री आहे हो ती!” लीलाधरांचा आवाज चिरकला. “दिसत नाही का तुम्हाला?”

“मले दिसते साहेब. कुत्रीच होये. पण तक्रार आली ना वर. मी जंगलाचा माणूस. जंगलातलं जनावर असतं तर मी लिहून दिलं असतं. हे जंगलातलं नाही, म्हून मले लिहून देता येत नाही. जनावराच्या डॉक्टरचं लिहून आणा का हे कुत्रं होये. नाही तर मले तिले तपासणीसाठी न्या लागन.”

लीलाधरांना या युक्तिवादात चूक काढायला जागा दिसेना. इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडं बसून त्यांनी स्वतः याहून चांगला युक्तिवाद कधी केला नव्हता. पण पिंजऱ्याकडं नजर गेली आणि ते पिंजऱ्याच्या आणि मोचाच्या मधे येऊन उभे राहिले. मोचा तेवढ्यात भुंकून दमली होती. ती येऊन त्यांच्या डाव्या पायावर बसली. उघड्या पडलेल्या पाठीची कातडी उन्हानं लालसर झाली होती, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“चला,” ते मंजूबाईंना म्हणाले, “टॉवेल घ्या.”

मंजूबाई स्कूटरवर मागं, त्यांच्या मांडीवर टॉवेलात मोचा. कुडव्यापासून गावातल्या दवाखान्यापर्यंत वाटेत आलेल्या प्रत्येक ट्रकशी ती वैयक्तिक भांडली. दवाखान्यात त्यांच्या आधी एक शेळी, एक लंगडणारा गोऱ्हा आणि पिशवीतून डोकं काढलेला एक कोंबडा होता. टॉवेल घसरला तेव्हा शेळीवाल्या आजींनी मोचाकडं पाहून आपली शेळी जवळ ओढली.

डॉक्टर नीतू मॅडम तरुण होत्या. त्यांनी आधी मोचाला पाहिलं, मग लीलाधरांना.

“हे कोणी केलं?”

“उन्हाळा फार आहे ना,” लीलाधर म्हणाले. “तिला बरं वाटावं म्हणून...”

“सर, उन्हाळ्यात तुम्ही घराच्या छपराचे कवेलू काढून टाकता का? आत हवा यावी म्हणून?”

लीलाधरांनी घसरलेला टॉवेल मोचाच्या पाठीवर ओढला.

“हिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, वरचा लांब. वरचा थर ऊन कातडीपर्यंत येऊ देत नाही. तो तुम्ही काढला. विंचरून आतले गळलेले केस काढायचे असतात, तेवढ्यानं हवा खेळते. फिरायला पहाटे न्यायचं, दुपारी थंड फरशीवर ठेवायचं, पंजे आणि पोट ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि बिस्किटं बंद. हिचं वजन पाहिलं का? ही केसांमुळं गोल दिसत नव्हती.”

“केस परत येतील ना?” हे मंजूबाईंनी विचारलं, कारण लीलाधरांना विचारवेना.

“येतात बहुतेक. कधी कधी ठिगळं राहतात. वेळ लागेल.” मॅडमनी मोचाच्या पाठीला मलम लावलं. मोचा भुंकली. “आणि यासाठी रागवायचं नाही. ही राखणीची जात आहे, काही दिसलं की सांगणं हे तिचं काम. तुम्ही ‘ऐकलं’ म्हणायचं, जवळ बोलवायचं, आणि गप्प झाली की शाबासकी द्यायची.” मग त्यांनी प्रमाणपत्राचा कागद ओढला. “मालक कोण?”

“मुलगी. हैदराबादला असते.”

“मग तिची सही लागेल.”

असल्या क्षणी समोरचा माणूस गयावया करतो, हे लीलाधरांना ठाऊक होतं. त्यांनी असे पुष्कळ पाहिले होते. ते गयावया करायच्या तयारीतही होते. पण टेबलावर उभ्या असलेल्या मोचानं मलमाच्या झोंबण्यानं अंग आकसलं आणि डोकं त्यांच्या शर्टात खुपसलं. तिला थरथर सुटली होती.

“मालक मीच,” लीलाधर म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की पिशवीतल्या कोंबड्यानं मान आत घेतली.

मंजूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. घरी जाताना स्कूटरवर त्यांनी टॉवेलाबरोबर नवऱ्याच्या शर्टाचाही कोपरा धरला होता.

केशोराव कागद घेऊन समाधानानं गेले. मोचा कायद्यानं कुत्री ठरली. आता खरं काम सुरू झालं.

लीलाधरांनी आपल्या जुन्या बनियनला पायांसाठी भोकं पाडून मोचासाठी अंगरखा केला. उदारामजी म्हणाले, “आता धोतरही नेसव.” पहाटे जवळच्या नागरा गावाच्या रस्त्यानं दोघांची फेरी सुरू झाली, पुढं बनियनमधली कुत्री, मागं बनियनमधले अव्वल कारकून. वाटेत भेटणारे आधी हसले, मग सवयीनं नमस्कार करू लागले. ‘ऐकलं’चा उपायही लागू पडला. मोचा दूधवाल्यावर भुंकली की लीलाधर गंभीरपणे म्हणायचे, “ऐकलं. शाब्बास.” मोचा विचार करायची आणि बसायची. ही सवय इतकी अंगवळणी पडली, की कार्यालयात मोठे साहेब तावातावानं बोलत असताना त्यांच्या तोंडून तेच निघून गेलं. साहेब विचारात पडले आणि बसले.

राहिला प्रश्न गुंजनचा. ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. लीलाधर मोचाचं फक्त पुढचं अर्धं अंग दाखवायचे. ते अजूनही देखणं होतं.

“किती छान दिसून राहिली! पप्पा, जरा मागं सरका ना, पूर्ण दाखवा.”

“नेटवर्क नाही,” लीलाधर म्हणायचे. मागं सरकण्याचा आणि नेटवर्कचा संबंध काय, हे गुंजननं एक-दोनदा विचारलंही.

मे संपता संपता एका रविवारी मोचानंच निकाल लावला. कुत्री बसण्याआधी स्वतःभोवती गिरकी घेतात. तिनं कॅमेऱ्यासमोर सावकाश एक पूर्ण गिरकी घेतली. त्या दिवशी नेमका अंगरखा धुवायला टाकलेला होता.

पलीकडं गुंजनचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आला. मग गुंजन म्हणाली, “मी येऊन राहिली,” आणि फोन बंद झाला.

ती आली. मोचा तिला पाहून वेडी झाली. उड्या काय, रडणं काय, घरभर धावणं काय. लीलाधर दारात उभे राहून हे पाहत होते. त्यांच्या पायाकडं दिवसभर कुणी फिरकलं नाही. गुंजननं मोचाच्या पाठीवरून हात फिरवला. मखमलीसारखी बारीक लव आली होती. एक-दोन जागा अजून रिकाम्या होत्या. तिचे डोळे भरले.

“मला नुसतं विचारायचं तरी होतं, पप्पा.”

“चुकलं माझं,” लीलाधर म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी घरात याआधी कधी उच्चारले असतील तर मंजूबाईंना आठवत नव्हतं.

गुंजनला आता कुत्री चालणारं घर मिळालं होतं. ती मोचाला घेऊन उद्याच परत जाणार होती. “घेऊन जा,” लीलाधर म्हणाले. “तुझीच आहे ती.” आणि वर्तमानपत्र उघडून बसले. ते उलटं नव्हतं, पण कालचं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेआधी चंद्रकुमारांनी आपली मोटार दारात आणून लावली. मोचाची टोपली तयार झाली. गुंजननं बॅगेची चेन ओढली, आणि लीलाधर वर्तमानपत्र ठेवून उभे राहिले.

“हे बघ,” ते म्हणाले, “विंचरताना आधी उलट्या दिशेनं, मग सुलट. कानामागं गुंता होतो, तिथं कंगवा नाही, बोटं घालायची. पाणी माठातलं पिते, फ्रीजचं नाही. ताटली हलवली की खात नाही. ढग गडगडले की पलंगाखाली जाते, तेव्हा ओढायचं नाही. आपण खाली बसून काहीतरी वाचायचं, मोठ्यानं. काहीही चालतं. मी शासन निर्णय वाचतो.”

“हो, पप्पा.”

“दात आठवड्यातून घासायचे. ती बोट चावते, पण मनापासून चावत नाही. दुपारी फरशी पुसून द्यायची. दुपारी तू घरी असशील ना?”

“टेंभरेजी, गाडी का टाईम हो गया!” बाहेरून हॉर्न वाजला.

“पाठीवर खोबरेल तेल नाही, ते मलमच. आणि तिला मागं ठेवून गेलं की ती दाराकडं तोंड करून बसते. जेवत नाही. आम्ही दोघं एकदा लग्नाला गेलो होतो, तेव्हा बाबांनी सांगितलं. म्हणून आता आम्ही पाळी-पाळीनं लग्नाला जातो.”

गुंजन बॅगेवर बसली. हॉर्न पुन्हा वाजला, मग चंद्रकुमार शिंकले, मग टोपलीतून उत्तर गेलं. “ऐकलं,” लीलाधर सवयीनं म्हणाले, आणि टोपली शांत झाली.

गुंजन त्यांच्याकडं पाहत होती. “पप्पा, मी सकाळी जाते ती रात्रीच परत येते.”

“मग?”

“मग दिवसभर तिच्याशी बोलणार कोण?”

लीलाधर टोपलीच्या झाकणावरून हात फिरवू लागले. दूर कुठंतरी गाडीची शिट्टी झाली. गोंदिया जंक्शनवरून दिवसभर गाड्या सुटत असतात, त्यामुळं ती गुंजनचीच होती असं शपथेवर सांगता येणार नाही. पण चंद्रकुमारांनी मोटारीचं इंजिन बंद केलं. गुंजननं वाकून टोपलीचं झाकण उघडलं.

“राहू दे तिला इथंच,” ती म्हणाली. “मीच येत जाईन. पण ट्रिमर मी घेऊन जाणार.”

“तो मेला,” मंजूबाई आतून म्हणाल्या, आणि कुकरमध्ये आणखी एक वाटी तांदूळ टाकला.

मोचा टोपलीतून बाहेर आली. बाप एकीकडं, लेक दुसरीकडं. दोघंही सहज उभे असल्यासारखे उभे होते आणि दोघांनीही एकेक पाय थोडा पुढं सरकवून ठेवला होता. मोचानं दोघांकडं पाहिलं, जांभई दिली आणि त्या दोघांच्या मधून सरळ निघून उदारामजींच्या खाटेवर चढली. एक गिरकी घेऊन ती म्हाताऱ्याच्या पोटाशी लागून आडवी झाली. लीलाधर आणि गुंजन एकदमच काहीतरी बोलायला लागले.

“हळू बोला गा,” उदारामजी दबक्या आवाजात ओरडले आणि धोतराचा सोगा तिच्या उघड्या पाठीवर ओढून घेतला. “निजून राहिली ना ते.”